किरणोत्सारी कचरा कुठे ठेवायचा, हे गावाला विचारून काय उपयोग?

बरेच जण म्हणतात की हा शास्त्राचा विषय आहे, गावकऱ्यांना त्यातलं कळत नाही, तेव्हा तज्ज्ञांनी ठरवावं आणि मोकळं व्हावं. मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यात वाढलेला. मला हे अजिबात पटत नाही.

कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी अडवलं. तोवर दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजलं जायचं. पाणी चढलं तसे बारीक धक्के सुरू झाले. जमिनीतून गडगड यायची, मांडणीवरची भांडी वाजायची, असं घरातली जुनी माणसं सांगत. त्यानंतर मोजणीची यंत्रं बसली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, कोयनानगर कोसळलं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. मी तज्ज्ञांना दोष देत नाही. पण पायाखालच्या जमिनीची पहिली खबर तिथे राहणाऱ्यालाच लागते.

आता कचऱ्याचं. आपल्याकडे अणुभट्टीत वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करतात आणि उरलेला तीव्र कचरा काचेत गोठवून पोलादी डब्यांत बंद करतात. तारापूर, तुर्भे, कल्पाक्कम इथे हे काम चालतं आणि आपल्या शास्त्रज्ञांना ते उत्तम येतं. काच किती टिकेल हे त्यांनीच सांगावं. पण हजारो वर्षं जपायची ही वस्तू कोणाच्या शिवारात ठेवायची, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. शिवाय विश्वास हवा. कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत. असं असताना "काळजी करू नका" या शब्दांवर इथलं माणूस का विसंबेल?

फिनलंडमध्ये १९८७ च्या कायद्याने असा कचरा आपल्या हद्दीत ठेवायला नकार देण्याचा अधिकार स्थानिक नगरपालिकेला आहे. युराजोकी नगरपालिकेने २००० साली २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, मग संसदेने मंजुरी दिली. त्या गावाशेजारी अणुभट्ट्या आधीपासून होत्या, हेही लक्षात घ्या. स्वीडनमध्ये स्टोरुमन (१९९५) आणि मालो (१९९७) इथल्या लोकांनी मतदानात नाही म्हटलं, तेव्हा कचऱ्यासाठी जागा शोधणारी कंपनी तिथून निघून गेली. पुढे ओस्टहामरने २०२० मध्ये होकार दिला आणि २०२२ मध्ये सरकारने परवानगी दिली. मला तिथली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वीज कंपन्यांनी भरलेल्या कचरा निधीतून नगरपालिकेला पैसे मिळतात. त्यातून ती स्वतःचे तज्ज्ञ नेमून कंपनीचे कागद तपासून घेऊ शकते. उलट अमेरिकेने १९८७ मध्ये कायदा करून नेवाडातली युक्का माउंटन ही एकच जागा ठरवून टाकली. राज्याने शेवटपर्यंत विरोध केला. आजवर तिथे कचरा गेलेला नाही. वेळ वाचवायला गेले आणि दशकं गेली!

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली जनसुनावणी होते, जैतापूरच्या अणुप्रकल्पाचीही २०१० मध्ये झाली. पण ती जागा ठरल्यानंतरची. तिला गणसंख्येची, म्हणजे किमान उपस्थितीची, अट नाही, आणि लोकांचं "नाही" सरकारवर बंधनकारकही नाही.

तरीही सुनावणीला जावंच. आमच्या भागात एका डिस्टिलरीच्या विस्ताराच्या सुनावणीला मी होतो. मांडव, खुर्च्या, माइक, समोर अधिकारी. पडद्यावर आकडे सरकत होते, लोक चुळबुळत होते. एक म्हातारे शेतकरी उठले आणि म्हणाले, "साहेब, प्रकल्पाच्या आधी आमच्या विहिरीचं पाणी तपासलंय का? नंतर बिघडलं तर आधी कसं होतं, ते कोण सांगणार?" व्यासपीठावरच्यांची कागदांची शोधाशोध सुरू झाली. नमुने दुसऱ्याच गावातले होते. किरणोत्सारी कचऱ्याच्या बाबतीतही हाच प्रश्न पहिला विचारायला हवा.

तुमच्या भागात असा कुठलाही प्रकल्प आला तर सूचनेपासून सुनावणीपर्यंत किमान ३० दिवस मिळतात. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून घ्या. हरकत तोंडी मांडाच, पण लेखीही द्या आणि तिची पोच घ्या. इतिवृत्त वाचून दाखवतात तेव्हा उठून जाऊ नका. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच नोंदवायला लावा.