भिंत, गडगा की फारकत?

प्रश्न असा आला आहे: 'चर्च आणि राज्य यांच्यातली भिंत' हा प्रयोग मराठी लेखांत सर्रास दिसतो. तो अमेरिकेच्या राज्यघटनेतला आहे का? आणि मराठीत भिंत म्हणावं, फारकत म्हणावं की विलगीकरण?

घटनेतला नाही. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत चर्च, राज्य आणि भिंत यांपैकी एकही शब्द नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, धर्माला अधिकृत स्थान देणारा कायदा करू नये आणि धर्माचरणाला आडकाठी करू नये, धर्माविषयी एवढंच तिथे म्हटलं आहे. त्यातही बंधन होतं ते फक्त केंद्रातल्या काँग्रेसवर, घटकराज्यांवर नाही. कनेटिकट या घटकराज्यातलं सरकारमान्य चर्च त्यानंतरही १८१८ पर्यंत टिकलं, मॅसॅच्युसेट्समधलं तर १८३३ पर्यंत.

भिंत आली ती याच कनेटिकटच्या गाऱ्हाण्यातून. तिथे काँग्रिगेशनल या सरकारमान्य चर्चसाठी कर भरावा लागे. बॅप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना त्यातून सूट हवी असेल तर आपण दुसऱ्या पंथाचे आहोत असा दाखला द्यावा लागे. तिथल्या डॅनबरी गावच्या बॅप्टिस्ट संघाने ऑक्टोबर १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनला लिहिलं, की आम्हाला धर्माच्या बाबतीत जे मिळतं ते मेहेरबानी म्हणून मिळतं, हक्क म्हणून नाही. १ जानेवारी १८०२ च्या उत्तरात जेफरसनने पहिल्या दुरुस्तीचा हवाला देऊन म्हटलं, की अमेरिकी जनतेने चर्च आणि राज्य यांच्यात भिंत उभी केली आहे. मसुद्यात ही भिंत 'चिरंतन' होती. ते विशेषण त्याने पाठवण्यापूर्वी खोडलं. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या लोकांनी पाठवलेलं १,२३५ पौंडांचं चीज त्याच्या दारात पोचलं. ते घेऊन आलेला पाद्री जॉन लेलँड, तोही बॅप्टिस्टच. दोन दिवसांनी याच लेलँडचं प्रवचन चक्क प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात झालं, आणि ऐकायला जेफरसन हजर!

पण भिंतीचा हा शब्द त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीच छापला गेला होता, आणि मला खरी गंमत तिथे वाटते. रॉजर विल्यम्स हा कडवा प्युरिटन, म्हणजे चर्चचं शुद्धीकरण हवं असणाऱ्या इंग्रज प्रोटेस्टंटांपैकी, पाद्री. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी पहिल्या चार, म्हणजे माणसाच्या देवाशी असलेल्या नात्याच्या, मोडल्या म्हणून शिक्षा करायचा न्यायाधीशांना अधिकार नाही, असं तो म्हणे. मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीच्या न्यायालयाने ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपार केलं. ऐन हिवाळ्यात तो निसटला आणि १६३६ मध्ये नॅरागॅन्सेट या मूळनिवासी लोकांकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं. तिथल्या रहिवाशांनी सही केलेल्या करारात बहुमताचा निर्णय पाळायचा तो फक्त ऐहिक बाबतींत, अशी स्पष्ट अट होती. १६४४ साली लंडनमध्ये, जॉन कॉटन या पाद्र्याला दिलेल्या छापील उत्तरात त्याने लिहिलं, की चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामधल्या कुंपणाला किंवा भिंतीला माणसांनी खिंडार पाडलं, की देव ती भिंतच पाडून टाकतो आणि बागेचं रान होतं.

म्हणजे ही घराची भिंत नाहीच. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात द्राक्षमळ्याचं कुंपण काढून टाकल्यावर मळा तुडवला जातो, त्याच घराण्यातली ही प्रतिमा. कोकणातला माणूस तिला वई किंवा गडगा म्हणेल. आणि गडगा घालतात तो रानातली गुरं बागेत शिरू नयेत म्हणून, बागेतली झाडं बाहेर पळतील म्हणून नव्हे. आपल्याकडे भिंतीचा दाखला देणाऱ्यांच्या मनात बहुधा पाद्र्याला सरकारबाहेर ठेवणं असतं. विल्यम्सला भीती होती ती सरकार बागेत घुसण्याची. शिवाय त्याच्या वाक्यात 'राज्य' नाही, 'जग' आहे. 'राज्य' जेफरसनच्या पत्रात येतं. जेफरसनचा रोख धर्म हा माणूस आणि त्याचा देव यांच्यातला मामला आहे, सरकारने कृत्यांपुरतं पाहावं, मतांत पडू नये, यावर होता.

आता मराठी शब्दांचं. 'विलगीकरण' करोनाने कायमचं नासवलं, ते सोडा. 'फारकत' मला आवडतो, पण फारकत घ्यायला आधी संसार लागतो. फ्रान्सला तो चपखल बसतो: नेपोलियनने पोपशी १८०१ साली करार केला, सरकार पाद्र्यांना पगार देऊ लागलं आणि १९०५ च्या कायद्याने तो संसार मोडला. कनेटिकट, मॅसॅच्युसेट्सलाही चालेल. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं मात्र कुठल्याच चर्चशी लग्न लागलेलं नव्हतं, तिथे 'भिंत'च ठेवा. विल्यम्सचं वाक्य उतरवायचं असेल तर 'कुंपण' हवंच, नाहीतर बाग आणि रान दोन्ही लटकतात.

जाता जाता: जेफरसनचं पत्र सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये मॉर्मन पंथाच्या एका माणसाच्या बहुपत्नीकत्वाच्या खटल्यात उद्धृत केलं, पण भिंत घरोघरी पोचली ती १९४७ च्या न्यू जर्सीच्या खटल्यामुळे. भिंत उंच आणि अभेद्य राहिली पाहिजे, असं निकालात ठणकावलं आणि त्याच निकालात पाच विरुद्ध चार मतांनी कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांचं बसभाडं सरकारी पैशातून द्यायला हरकत नाही, असंही ठरवलं.