वजन उतरले, कातडी मात्र लोंबतेच आहे

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दोन बाळंतपणांनंतर 116 किलोवर गेलेले वजन स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करणारी), पथ्य आणि रोजचे चालणे यांच्या बळावर तुम्ही 70 किलोपर्यंत आणले, गेले आठ महिने ते तिथेच टिकवले आणि मधुमेहाची गोळीही डॉक्टरांनी बंद केली. पण या साऱ्याला तुमच्या पत्रात मिळून दोनच ओळी आहेत. उरलेली पाने पोटावरून खाली उतरणाऱ्या त्वचेच्या वळीबद्दल, दंडाखाली लोंबणाऱ्या कातडीबद्दल आणि हळदीकुंकवाला एका नातलग बाईंनी चारचौघींदेखत उच्चारलेल्या ‘यापेक्षा आधीच बरी दिसायचीस’ या वाक्याबद्दल आहेत. आणखी किती व्यायाम केला म्हणजे ही कातडी आत जाईल, आणि जाणारच नसेल तर वयाच्या 39 व्या वर्षी मुलांच्या शिक्षणाचे पैसे मोडून तिच्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणे हा नखरा ठरेल का, असे तुम्ही विचारता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आधीच कुणीतरी द्यायला हवे होते. कितीही व्यायाम केला तरी इतकी सुटलेली त्वचा आत जात नाही. त्वचेचा ताठपणा कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंवर अवलंबून असतो. त्यांतले इलॅस्टिन शरीर मुख्यतः लहान वयातच तयार करते, आणि वर्षानुवर्षे ताणली गेलेली त्वचा आतून पातळ होते, तिच्यातले तंतू तुटतात. आतली चरबी गेली तरी ते तंतू पूर्वीसारखे सांधले जात नाहीत. किती कातडी उरते हे किती किलो उतरले, लठ्ठपणा किती वर्षे होता, वय किती, घराण्याची त्वचा कशी, उन्हाचा आणि तंबाखूचा किती मारा झाला यांवर ठरते. ‘तुम्ही अजून मेहनत घेत नाही’ असे म्हणणाऱ्या तुमच्या ट्रेनरला मी अजिबात माफ करणार नाही, कारण 46 किलो वजन उतरवलेल्या बाईला हे ऐकवणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ते शास्त्राला धरूनही नाही. कातडी घट्ट करण्याचा दावा करणाऱ्या मलमांवर आणि तेलांवरही पैसे घालवू नका. त्यांनी त्वचा मऊ राहील, इतकेच.

मला अधिक काळजी वाटते ती तुमच्या दिनक्रमाची. रोज तीनशे क्रंचेस, दीड तास चालणे, सकाळी वाटीभर पोहे आणि रात्री नुसते भाज्यांचे सूप असे तुम्ही लिहिले आहे. क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण त्यांच्यावरची त्वचा जिथल्या तिथेच राहते. उलट, अशा आहारात प्रथिने इतकी कमी पडतात की शरीर स्वतःचे स्नायू खर्ची घालू लागते, आणि दंड-मांड्यांतला स्नायू घटला की वरची कातडी आणखी सैल दिसते. म्हणजे जे घालवण्यासाठी तुम्ही एवढे झिजता आहात, तेच या झिजण्याने वाढते आहे.

म्हणून व्यायाम सोडू नका, त्याची दिशा बदला. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचे व्यायाम करा: खुर्चीवरून उठबस, स्क्वॅट, डंबेल्सने दंडाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंचे व्यायाम, रबरी पट्ट्याने पाठीचे व्यायाम, आणि वजन हळूहळू वाढवत न्या. भरलेल्या स्नायूमुळे दंड, मांड्या आणि खांदे यांवरची त्वचा थोडी भरून दिसते. पोटाच्या वळीवर त्याचा परिणाम जवळजवळ दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे प्रकृतीसाठी पुरेसे आहे. क्रंचेस मात्र तूर्त थांबवा आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून पोट तपासून घ्या, कारण बाळंतपणांनंतर पोटाच्या मधल्या स्नायूंत फट राहिलेली असू शकते, आणि तशी ती असेल तर व्यायाम वेगळे द्यावे लागतात.

जेवणात दिवसाला निदान 60 ते 80 ग्रॅम प्रथिने हवीत. नेमका आकडा तुमच्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, वाटीभर वरणातही जवळपास तितकीच आणि 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18 ग्रॅम प्रथिने असतात, यावरून पोहे आणि सूप कुठे कमी पडतात ते तुमच्या लक्षात येईल. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर बी-12, लोह आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी ठरल्या वेळी होत राहिली पाहिजे, आणि तुमच्या पत्रात गेल्या वर्षभरातल्या एकाही तपासणीचा उल्लेख नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की वळीखाली पावसाळाभर खाज सुटते, कातडी लाल होते आणि मेडिकलमधून आणलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटून ती पुन्हा उसळते. ताई, ही बाब जाता जाता लिहिण्याची नाही. घडीत घाम साचतो, कातडीला कातडी घासते आणि तिथे बुरशीचा संसर्ग होतो. दुकानातून मिळणाऱ्या अशा मलमांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दबते, पण बुरशी पसरते आणि आधीच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते. ते मलम आजच बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अंघोळीनंतर घडी टिपून पूर्ण कोरडी करा, मध्ये सुती कापडाची घडी ठेवा, चालताना पोटाला आधार देणारी घट्ट चड्डी घाला, आणि परकराची नाडी त्याच वळीत रुतत असेल तर तिच्या जागी रुंद पट्टा लावून घ्या. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी दिलेला कागद जपून ठेवा. तो पुढे उपयोगी पडेल.

आता शस्त्रक्रियेविषयी. शरीरावर लोंबणारा, घासणारा, चालताना आडवा येणारा भाग काढून टाकावासा वाटणे यात नखरा कसला? गुडघा बदलून घेणाऱ्या बाईला हा प्रश्न कुणी विचारत नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड वर्ष जाऊ देतात आणि वजन काही महिने स्थिर असावे असे पाहतात. या दोन्ही कसोट्यांवर तुम्ही विचार करण्याच्या टप्प्यावर आला आहात. आणखी मूल हवे असेल तर मात्र थांबा. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डॉ.एन.बी.) ही पदवी असलेल्या सर्जनकडेच जा. खर्चाची चिंता असेल तर मुंबईतल्या के.ई.एम. किंवा जे.जे.सारख्या सार्वजनिक रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, परंतु ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे असे डॉक्टरांनी दाखवून दिल्यास निदान विचारणा करता येते, आणि वारंवार होणाऱ्या संसर्गाचे ते जपलेले कागद तिथेच कामी येतात.

शस्त्रक्रियेची दुसरी बाजूही नीट पाहा. पोटाचा व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो, पण परकराखाली झाकतो. दंडाचा व्रण मात्र काखेपासून कोपरापर्यंत येतो, आणि तुम्हाला तर आखूड बाह्यांचा ब्लाउज घालता यावा म्हणूनच दंड करून घ्यायचे आहेत. व्रण फिका पडायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि पूर्वीच्या एखाद्या जखमेचा व्रण फुगून वर आला असेल तर ते सर्जनना आधी सांगा. माझ्या मते आधी पोटाचा निर्णय घ्यावा आणि दंडांचा पुढे ढकलावा. जखमेत पाणी साठणे, टाके उशिरा भरणे, संसर्ग, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी हे धोके खरे आहेत. मिश्री लावत असाल तर ती शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधी बंद झाली पाहिजे आणि डॉक्टरांपासून लपवता कामा नये, कारण निकोटीनने जखमेचा रक्तपुरवठा आवळला जातो. अनेक जणी सिगारेट नाही म्हणून ‘व्यसन नाही’ असे सांगून मोकळ्या होतात.

वर्षभर तुम्ही पतीसमोर दिव्याच्या उजेडात आला नाहीत आणि त्यांनीही कधी काही विचारले नाही, असे तुम्ही लिहिता. त्यांच्या न विचारण्याचा अर्थ किळस असाच तुम्ही लावला आहे, पण तुम्हाला दुखवू नये म्हणूनही एखादा माणूस गप्प राहतो. पोटाची शस्त्रक्रिया झाली तर जवळपास सहा आठवडे तुम्हाला पाण्याची बादलीही उचलता येणार नाही, म्हणजे त्यांना हे सारे कळावेच लागेल. तेव्हा बोलण्याची सुरुवात दिसण्यापासून करू नका. एखाद्या रविवारी सकाळी, मुले बाहेर असताना, घडीखालची ती लाल झालेली जागा त्यांना दाखवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे सोबत चला म्हणा. ते काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.