सिगारेट ओढल्यावर चिंता कमी होते, मग सोडल्यावर ती वाढणार नाही का?

आपण विचारले आहे की, घालमेल सुरू झाली की सिगारेट ओढल्याशिवाय मन थाऱ्यावर येत नाही, तेव्हा आधी चिंता बरी करावी की आधी सिगारेट सोडावी. हा प्रश्न मी स्वतः बावीस वर्षे टाळत आलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मत स्पष्ट आहे: सिगारेट चिंता कमी करत नाही. आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेली अस्वस्थता तेवढी ती काही वेळ दूर करते आणि आपण त्यालाच शांतता समजतो.

२०१६ साली पुण्यातील एका रुग्णालयात माझ्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया झाली. मी आणि दादा बाहेरच्या बाकावर बसून होतो. दर पाऊण तासाने माझ्या छातीत धडधड सुरू होई, तळहातांना घाम फुटे, आणि मी चार मजले उतरून रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाई. अशाच एका फेरीत मी खाली असताना डॉक्टर बाहेर आले. रक्तस्राव थांबत नसल्यामुळे छाती पुन्हा उघडावी लागणार होती आणि त्यासाठी नातेवाइकांची सही हवी होती. दादाने एकट्याने सही केली. मी वर पोहोचलो तेव्हा दार पुन्हा बंद झालेले होते आणि माझ्या बोटांना तंबाखूचा वास येत होता. दादा म्हणाला, "तुला काळजीबिळजी काही नाही, तुला तलफ आहे. बाबांचे नाव पुढे करू नकोस." बाबा त्यातून सुखरूप बाहेर आले, पण आम्हा दोघांचे बोलणे पुढे कित्येक महिने कामापुरतेच राहिले.

दादाला खोटे ठरवायचे म्हणून मी खिशातल्या डायरीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखले. पहिल्यात सिगारेट विझवल्याची वेळ लिहायची आणि दुसऱ्यात घालमेल सुरू झाल्याची. तीन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्यावर मला गप्प बसावे लागले. कार्यालयात मार्चअखेरची धावपळ असो किंवा रविवारी जेवण करून लोळत पडलेलो असो, दोन्ही वेळांमधले अंतर बहुतेक चाळीस ते पन्नास मिनिटांचेच होते. सर्वांत वाईट घालमेल सकाळी डोळे उघडताच होई, जेव्हा काळजी करण्यासारखे काही घडलेलेच नसे. निकोटीन झुरक्यानंतर काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे २ तासांत निम्म्यावर येते; त्यामुळे रात्रभराच्या खंडानंतर शरीर त्याची मागणी करते आणि त्या मागणीलाच आपण चिंता म्हणतो. निकोटीनने हृदयाचे ठोके प्रत्यक्षात वाढतात. टपरीवर बरे वाटते त्यातला काही भाग तर कामावरून उठणे, चार पावले चालणे आणि लांब श्वास घेणे यांचाच असतो, आणि त्यासाठी काडी पेटवावी लागत नाही.

सोडल्यावर चिंता वाढेल का? पहिले काही दिवस निश्चित वाढेल. मला तिसरा दिवस सर्वांत जड गेला. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले, आणि मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीतही तेच आढळले. एक गोष्ट मात्र मला कोणी वेळेवर सांगितली नाही. धुरातल्या घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निचरा जलद करते आणि धूर थांबला की तो वेग मंदावतो. सिगारेटच्या जागी मी दिवसाला सात-आठ कप चहा घेऊ लागलो होतो आणि छातीतल्या धडधडीचे खापर सिगारेट सोडण्यावर फोडत होतो. चहा दोन कपांवर आणल्यावर ती धडधड थांबली.

परंतु दादाचे म्हणणे अर्धेच खरे होते, आणि हे मी आजही त्याला सांगतो. तलफ पूर्ण गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यातही डायरीचा दुसरा रकाना कोरा राहिला नाही. रात्री फोन वाजला की, घरचे माणूस परतायला उशीर झाला की, तीच धडधड होत होती. ती चिंता माझ्या कॉलेजच्या दिवसांपासूनची होती आणि इतकी वर्षे धुराआड राहिल्यामुळे मी तिच्यासाठी कोणाकडे गेलो नव्हतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यावर तिला नाव मिळाले आणि उपचारही मिळाले. "तुला काळजीबिळजी काही नाही" हे वाक्य म्हणूनच चुकीचे होते. आपल्या घरीही कोणी असे म्हणत असेल तर ते मान्य करू नका. मन खंबीर कर, एवढे सांगून कोणाची चिंता बरी होत नाही, आणि तलफही जात नाही.

आधी काय करावे, याबद्दल मी एवढेच म्हणेन की चिंता संपण्याची वाट पाहत सिगारेट चालू ठेवू नये, कारण ती चालू असेपर्यंत खरी चिंता किती हे कळतच नाही. मात्र आपण मानसिक आजारावरची औषधे घेत असाल तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगा. क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांचे रक्तातले प्रमाण धूर थांबल्यावर वाढते आणि मात्रा बदलावी लागू शकते. सरकारची १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची दूरध्वनी सेवा मोफत आहे. पहिल्या आठवड्यात बोलायला घरचे माणूस नको वाटले, तर तिथे फोन करा.