स्लोव्हेनियातील खेड्यांच्या अभ्यासाची सुरुवात
आपण हा अभ्यास हाती घेतलात, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवात एकाच गावापासून करा. ह्रास्तोव्ल्ये मला सर्वांत योग्य वाटते. या नावातील ‘ह्रास्त’ म्हणजे स्लोव्हेनियन भाषेत ओक वृक्ष. व्युत्पत्तीचे तूर्त एवढेच पुरे. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे या गावातले चर्च, त्यातील चित्रे आणि भोवतालचा तट एकाच काळातले मानणे. पवित्र त्रैक्याच्या या चर्चमधील भित्तिचित्रे, ज्यांत पोपपासून लहान मुलापर्यंत सर्वांना सांगाडे हाताला धरून नेतात ते ‘मृत्युनृत्य’ही आहे, कास्ताव्हच्या यानेझने १४९० मध्ये पूर्ण केली, तट मात्र तुर्की स्वाऱ्यांच्या भीतीने सोळाव्या शतकात उभारला गेला. दुसरे असे की, संतांच्या नावाची अनेक गावे गावांच्या नावांविषयीच्या १९४८ च्या कायद्यानंतर नाव बदलून बसली, म्हणून प्रत्येक गावाची जुनी-नवी दोन्ही नावे टिपून ठेवा.