ऑनलाइन घेतलेला टीव्ही बाराव्या दिवशी बिघडला, साइट म्हणते रिटर्नची मुदत संपली. पैसे परत मिळतील का?

तुम्ही घणसोलीत राहता. ४३ इंची टीव्हीच्या स्क्रीनवर बाराव्या दिवशी उभ्या रेषा आल्या. साइटने सात दिवसांची रिटर्न विंडो संपल्याचं सांगून ब्रँडकडे पाठवलं आणि ब्रँडचा टेक्निशियन 'फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही' असं लिहून गेला. प्रश्नातली माहिती इतकी आहे, ती धरून सांगतो.

पैसे मिळू शकतात. सात दिवसांची विंडो हे साइटचं स्वतःचं धोरण आहे. वस्तू मनासारखी नाही म्हणून परत करायची असेल तर ते चालेल. सदोष वस्तूला मात्र कायदा लागतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधल्या नियम ६ नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला वा पैसे द्यायला नकार देता येत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलात मुदतच नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. म्हणून आधी बिलाची पीडीएफ उघडा. साइटच्या पानावर काय लिहिलंय ते नंतर बघू, बिलावर काय आहे ते महत्त्वाचं. तिथे मुदत छापलेली नसेल तर तुमचा बारावा दिवस मुदतीत बसतो. आतापर्यंत फक्त फोनवर बोलणं झालं असेल तर ३० दिवस उलटायच्या आत लेखी मागणी गेलीच पाहिजे.

खरी लढाई 'फिजिकल डॅमेज' या दोन शब्दांशी आहे. टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा पॅनलचा असतो, त्यामुळे पॅनल बदलून देणं टाळण्याकडे सर्व्हिस सेंटरचा कल असतो. धक्क्याने पॅनल फुटलं तर आघाताची जागा सापडते. तिथून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पसरतात आणि बहुतेकदा शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसतो. काच अखंड असताना वरपासून खालपर्यंत सरळ रेषा आल्या असतील, तर दोष बहुधा पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फ्लेक्स पट्ट्यांच्या जोडात असतो, क्वचित टी-कॉन बोर्डात (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारं सर्किट) किंवा त्याच्या केबलमध्ये. हे उत्पादनातले दोष आहेत.

घरच्या घरी तपासा. टीव्ही बंद करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि चारही कोपरे, विशेषतः खालची कड, नीट बघा. मग चालू करून सेटिंग्जचा मेनू उघडा. रेषा मेनूवरूनही जात असेल आणि सेट-टॉप बॉक्स काढूनही तशीच राहत असेल, तर केबलचा किंवा चॅनलचा प्रश्न उरत नाही. या सगळ्याचा एकसलग व्हिडिओ काढा. त्यात टीव्हीच्या मागच्या लेबलवरचा सीरियल नंबर वाचता आला पाहिजे. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर ती दाबली जाते आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला टीव्ही उघडू देऊ नका, नाहीतर वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळेल. न उघडता, बाहेरून पाहून त्याने लेटरहेडवर मत लिहून दिलं तर मात्र ते उपयोगी पडेल.

आता जॉब शीट, म्हणजे टेक्निशियन भेटीनंतर भरतो तो कागद. बरेच जण इथेच हरतात: टेक्निशियन घाईत सही घेतो किंवा कॉल बंद करायला ओटीपी मागतो, आणि त्याचा निष्कर्ष आपल्याला मान्य असल्याची नोंद होते. जॉब शीटची प्रत हातात आल्याशिवाय ओटीपी देऊ नका. सही करण्याआधी स्वतःच्या अक्षरात लिहा: 'पॅनलवर तडा किंवा आघाताची खूण नाही. निष्कर्ष मान्य नाही.' खाली तारीख घाला. सही आधीच झाली असेल तर हाच मजकूर आजच ब्रँडच्या ईमेलवर पाठवा आणि डॅमेज नेमकं कुठे आहे त्याचा फोटो मागा. भिंतीवर टीव्ही कंपनीच्याच माणसाने लावला असेल तर इन्स्टॉलेशन रिपोर्टही काढून ठेवा. त्या दिवशी टीव्ही धड होता हे त्यावरून दिसतं.

यानंतर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. चॅटवर वेळ घालवू नका, तिथली माणसं तेच ते सांगत राहतात. ईमेलमध्ये ऑर्डर नंबर, डिलिव्हरीची तारीख, दोष पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि एकच स्पष्ट मागणी: नवा टीव्ही किंवा पूर्ण रक्कम. नियमाप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. तिकीट नंबर जपून ठेवा. बिलावरचा विक्रेता बहुतेकदा साइटपेक्षा वेगळी कंपनी असते, तिला आणि ब्रँडलाही तोच ईमेल पाठवा. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीकडे तक्रार पोचवते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील तर बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचा, अर्जही लगेच द्या. त्याची मुदत बँक आणि कार्ड नेटवर्क ठरवतं, ती ग्राहक आयोगात तक्रार करायच्या मुदतीपेक्षा पुष्कळ कमी असते.

महिन्यात काही हाललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता बेंगळुरूचा असला तरी. घणसोली, ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, उलवे इथल्या पत्त्यात लोक नवी मुंबई लिहितात, पण ते रायगड जिल्ह्यात आहेत, आणि ऑनलाइन अर्ज भरताना जिल्हा चुकला तर प्रकरण उगाच रखडतं. अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. विक्रेता, साइट आणि ब्रँड या तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. 'आम्ही फक्त मध्यस्थ' हा साइटचा बचाव ठरलेला असतो, पण तिला वगळलंत तर बाकीचे दोघे एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. मागणीत किंमत, व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळे लिहा. पॅनलबद्दल वाद राहिला तर प्रयोगशाळेत तपासणीची विनंती त्याच तक्रारीत करा. कायद्यात तपासणी लागत नसेल तर तीन आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्या तयारीने उतरा.

या धावपळीत कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, अॅपमधूनच घ्या. रिफंडसाठी कुणी यूपीआय पिन किंवा स्क्रीन शेअर करणारं अॅप मागितलं तर तो चोर आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आयोगाची नोटीस पोचल्यावर कंपनी बहुधा तडजोडीला येते. पॅनल बदलून देतो म्हणाले तर नव्या पॅनलचा नंबर आणि त्यावरची वॉरंटी ईमेलवर लेखी घ्या. रिफंड ठरला तर टीव्ही नेताना पिकअपची पावती घ्या, आणि 'आता काही मागणं नाही' अशा कागदावरची सही रक्कम खात्यात दिसल्यावरच करा.