शब्द पाठ होतात, पण वाक्यात बसत नाहीत

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी मी रोज इंग्रजीचे वीस अवघड शब्द अर्थासह पाठ करते, आठवड्याने त्यांतले जेमतेम पाच-सहा आठवतात. परवा निबंधात थोडे अंतर या अर्थी ‘मीगर डिस्टन्स’ लिहिले, ते सरांनी खोडले. वहीत तर ‘मीगर म्हणजे थोडे’ असेच आहे. घरी आम्ही अहिराणी बोलतो, त्यामुळे हे होते का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : अहिराणीला मुळीच दोष देऊ नका. ‘आंडोर’ (मुलगा) आणि ‘आंडेर’ (मुलगी) हे शब्द तुम्ही अर्थ घोकून शिकला नाहीत. ते रोजच्या बोलण्यात वारंवार कानावर पडले, म्हणून आपले झाले. इंग्रजी शब्दालाही अशीच सोबत लागते.

‘मीगर’चा तुमचा अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. गरजेच्या मानाने जे कमी पडते, त्यालाच हा शब्द शोभतो. आपण तुटपुंजा पगार, तुटपुंजी मदत म्हणतो, पण चोपडा ते यावल हे अंतर तुटपुंजे आहे असे कोणी म्हणत नाही. म्हणून वहीत ‘थोडे’ खोडून ‘तुटपुंजे’ लिहा आणि शेजारी आपल्या शिवारातले एक वाक्य लिहा : ‘द मीगर रेनफॉल रुइन्ड अवर कॉटन.’ कोरडवाहू कापूस पाहिलेल्या मुलीला हे वाक्य विसरणे कठीण आहे.

वीस शब्दांचा हट्ट सोडा, सहा पुरेत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांतच सर्वांत वेगाने विसरले जाते आणि एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. तेव्हा आजचे शब्द उद्या, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या दिवशी अर्थ झाकून आठवून पाहा.

शब्दांची कुळेही ओळखावीत. बोलणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून ‘एलोक्वंट’ म्हणजे वक्तृत्वसंपन्न, ‘लोक्वेशस’ म्हणजे बडबडा आणि ‘सलिलक्वी’ म्हणजे स्वगत, असे तीन शब्द आले आहेत. एक नीट कळला की उरलेले दोन परके वाटत नाहीत. मात्र केवळ कुळावरून अर्थ ठरवू नका, कारण आरंभीचे नकारार्थी ‘इन’ पाहून ‘इनव्हॅल्युएबल’चा अर्थ कवडीमोल असा लावणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहते, आणि त्याचा अर्थ आहे अमूल्य.