मी चोखंदळ प्रेक्षक आहे. ओरिजिनल आणि वेगळे ॲनिमे कोणते बघावेत?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की नारुतो झालं, डेथ नोट झालं, जपानी ॲनिमेशनमधली ती शाळेतली पोरं, किंकाळ्या आणि जादूच्या मारामाऱ्या आता बघवत नाहीत, तेव्हा कुणी न केलेलं, ओरिजिनल काहीतरी सुचवा. इंग्रजी डब असेल तर उत्तम. इथवर ठीक होतं, वाचून पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, 'मी जरा चोखंदळ आहे, पहिल्या दहा मिनिटांत पकड घेतली नाही तर सोडून देतो.' तिथे मी चहा बाजूला ठेवला.

हे वाक्य मी दर दिवाळीला ऐकते. माझ्या नणंदेचे यजमान, आमचे भावोजी, पुण्यात असतात. फिल्म क्लबाचे सभासद आहेत, इराणी सिनेमावर बोलायला लागले की ताटातली पोळी गार होते. भाऊबीजेला सांगलीला आले की जेवणानंतर सोफ्यावर पाय पसरून म्हणणार, "वहिनी, तुमची ती कार्टुनं. त्यातलं एखादं बरं असेल तर दाखवा की. पण हटके हवं हं, आपल्याला काहीही चालत नाही."

पहिल्या वर्षी मी मुशिशी लावलं. २००५ ची मालिका, २६ भाग, प्रत्येक भाग स्वतंत्र. गिंको नावाचा एक भटका वैदू गावोगाव फिरतो आणि धड प्राणी नाहीत, धड वनस्पती नाहीत अशा 'मुशी' नावाच्या जीवांनी पछाडलेल्या माणसांना भेटतो. खलनायक नाही, लढाई नाही, कित्येकदा इलाजसुद्धा नाही. भावोजी अकराव्या मिनिटाला फोनमध्ये. "गोष्ट कुठंय यात?" दुसऱ्या वर्षी तातामी गॅलेक्सी. क्योतोतला एक कॉलेजकुमार, जो दर भागात वेगळ्या क्लबात नाव घालतो आणि दर वेळी तितकाच फुकट जातो. "एवढं भरभर कोण वाचणार?" (ही चूक माझी. तो पोरगा इतक्या वेगाने बोलतो की सबटायटलं वाचताना चित्र बघायचं राहून जातं. सुरुवात तिथून कुणीच करू नये.) तिसऱ्या वर्षी मी चिडून एंजल्स एग लावलं. मामोरू ओशीचा १९८५ चा चित्रपट, ७१ मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीतच. म्हटलं, आता वाचायची तक्रार नको. तर म्हणे, "हे ओरिजिनल नाही. युरोपात असलं खूप आधी होऊन गेलंय."

गोष्ट नाही, गोष्ट पळते, गोष्ट शिळी आहे. तीन दिवाळ्या, तीन शेरे.

मग गेल्या आषाढात अण्णा, म्हणजे माझे सासरे, न्हाणीघरात घसरले. पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर. बाहेर पाऊस, घरात दिवसभर आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं याची चर्चा. अण्णांची कॉट मधल्या खोलीत, टीव्हीसमोर. दुपारी माझ्या शिकवण्या नसतात, त्या वेळात मी एक मालिका दुसऱ्यांदा बघत होते: शोवा गेन्रोकु राकुगो शिंजू. आवाज बारीक ठेवला होता. मला वाटलं अण्णा झोपलेत.

"ते गादीवर बसून काय बोलतंय?"

मी सांगितलं की याला राकुगो म्हणतात. एक माणूस उशीवर गुडघे दुमडून बसतो. हातात घडीचा पंखा आणि एक रुमाल, बस्स. उठायचं नाही. नवरा, बायको, चोर, सावकार, सगळी पात्रं त्यानेच करायची. पंखा म्हणजे कधी पळी, कधी विडी, कधी तलवार.

"आवाज मोठा कर."

"अण्णा, जपानी आहे."

"कळतंय मला. मोठा कर."

अण्णा एसटीत वाहक होते. इंग्रजी सबटायटलं त्यांना वाचता येत नाहीत असं नाही, पण वाचेपर्यंत पुढची ओळ येते. मी मालिका पहिल्यापासून लावली आणि शेजारी खुर्ची ओढून सबटायटलं मराठीत मोठ्याने सांगायला लागले. पहिला भाग पाऊण तासाचा. आम्हाला दोन तास लागले. तुरुंगातून सुटलेला एक गुंड थेट याकुमो नावाच्या नामांकित कलावंताच्या पायावर जाऊन पडतो, मला शिष्य करा म्हणतो. तुरुंगात याकुमोचा कार्यक्रम ऐकला आणि डोक्यात तेवढंच राहिलं. मी 'गुरुजी' म्हणत होते. अण्णांनी थांबवलं. "गुरुजी काय? शाळा आहे होय ती? बुवा म्हण." तिथून पुढे २५ भाग याकुमोबुवाच. पुढे तो शिष्य बुवांचा कार्यक्रम रंगात आलेला असताना आत बसून घोरतो आणि बुवा त्याला हाकलून देतात, तेव्हा अण्णा उठून बसायलाच निघाले होते. "विंगेत झोपला? विंगेत? बरं केलं हाकललं."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला कळलं की मी दुसऱ्यांदा बघूनही अर्धं बघितलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, "मानेकडं बघ. एकीकडं वळली की घरमालक, दुसरीकडं वळली की दारात आलेला. आवाज नंतर बदलतो, मान आधी." मी तोवर चेहरे आणि कपडे बघत होते. म्हाताऱ्या बुवांना आणि विशीतल्या बुवांना एकाच नटाने, आकिरा इशिदाने, आवाज दिलाय हे सांगितल्यावर त्यांनी दोन जागा मागेपुढे करून ऐकल्या आणि म्हणाले, "दम राखतोय तो. म्हातारपण आवाजात नाही आणलंय, श्वासात आणलंय." लक्ष्मण देशपांडे एकटे अख्खं वऱ्हाड उभं करायचे ते अण्णांनी तीनदा बघितलंय. त्यांना राकुगो समजावून सांगायची गरज नव्हती.

मालिकेचा बराच भाग बुवांच्या तरुणपणीचा आहे. पायाने अधू, नाचता येईना म्हणून या धंद्यात ढकललेला मुलगा. त्याच दिवशी शिष्य झालेला त्याचा मित्र मात्र बसल्या जागी हशा वसूल करतो. युद्धाच्या काळात बायकांच्या, बाजारबसवीच्या, चावट गोष्टी सांगायला बंदी आली. हे खरं घडलेलं आहे: १९४१ साली कलावंतांनी स्वतःच ५३ गोष्टी बाजूला काढल्या आणि तोक्योतल्या आसाकुसाच्या एका देवळात त्यांची समाधी बांधली. गोष्टींची समाधी! अण्णा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "नंतर उकरल्या असतील की." उकरल्याच.

पाचव्या भागात मंडळी हौसेने एक नाटक करतात आणि हा अवघडलेला मुलगा त्यात बाईच्या वेषात उभा राहतो. आधी पाय लटपटतात, मग सगळ्या डोळ्यांचं वजन आपल्यावर आहे हे त्याला कळतं आणि तो बदलतो. मी सांगत होते, अण्णांनी हाताने गप्प केलं. प्रसंग संपल्यावर म्हणाले, "परत लाव." तीनदा लावला. मग सांगितलं, की विशीत असताना गावच्या जत्रेतल्या नाटकात त्यांनी दोन वर्षं स्त्रीपार्ट केला होता. मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली. माझ्या नवऱ्यालासुद्धा हे माहीत नव्हतं. "मामानं नऊवारीचा काष्टा सैल घातला हुता. सगळं लक्ष तिकडं. पण दुसऱ्या अंकात विसरलो बघ." काय विसरलो ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता गणपती. प्लास्टर निघायला आठवडा होता. भावोजी आले, टीव्हीवर काय चाललंय बघितलं आणि नणंदेला म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "पडून आहेत ना, काहीही चालतं त्यांना." मी मोदकांच्या उकडीत हात घालून उभी होते, नाहीतर त्याच दिवशी बोलले असते. जेवताना विषय निघालाच. भावोजींचं म्हणणं, ही मालिका एका मंगावरून (म्हणजे जपानी चित्रकथेवरून), मंगा त्या जुन्यापुराण्या गोष्टींवरून, यात ओरिजिनल काय?

उत्तर अण्णांनी दिलं, पण वाद घालून नाही. आरतीनंतर नातवंडांना कॉटभोवती बसवलं आणि 'शिनिगामी' सांगितली. मालिकेत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. कर्जात बुडालेल्या माणसाला मृत्यूचा दूत भेटतो आणि युक्ती शिकवतो: मी रोग्याच्या पायथ्याशी दिसलो तर तो वाचणार, उशाशी दिसलो तर गेला. माणूस वैद्य होऊन पैसा करतो, एक दिवस लोभापायी खाटच फिरवतो. मग दूत त्याला मेणबत्त्यांनी भरलेल्या गुहेत नेतो, एकेक ज्योत म्हणजे एकेक आयुष्य, आणि याची विझायला आलेली. अण्णांनी दूताचा यमदूत केला, मेणबत्त्यांच्या पणत्या केल्या, हात थरथरवत "विझतीय... विझतीय..." म्हणत गेले आणि धाडकन पुढे उशीवर पडले. राकुगोतही ही गोष्ट अशीच संपते, शब्दावाचून, कलावंत कोसळतो. पोरं किंचाळली. सासूबाई आतून ओरडल्या, "सणासुदीचं असलं काय सांगताय!"

आणि गंमत अशी, की ही गोष्ट मुळात जपानीसुद्धा नाही. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेवरून मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सान्युतेइ एंचो या कलावंताने ती राकुगोत आणली. तिथून आमच्या मधल्या खोलीत. कीर्तनाला बसलेल्या कुणाला गोष्ट नवी असते, सांगा बरं? मी हे भावोजींना म्हणाले. ते म्हणाले, तो वेगळा मुद्दा. मुद्दा अजिबात वेगळा नाही.

तुमच्या प्रश्नातल्या ओरिजिनलबद्दलही तेच. ॲनिमेच्या धंद्यात ओरिजिनल म्हणजे मंगा किंवा कादंबरीवरून न केलेलं, सरळ पडद्यासाठी लिहिलेलं. असं कमी होतं, कारण मालिकेत चार-पाच कंपन्या मिळून पैसा घालतात आणि ज्याचा वाचक आधीच तयार आहे त्यावर पैसा लावणं सोपं. तसलंच हवं असेल तर ऑड टॅक्सी (२०२१, १३ भाग), पॅरानोइया एजंट (२००४, दिग्दर्शक सातोशी कोनची एकमेव मालिका, १३ भाग), सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन (१९९८, १३ भाग) आणि सनी बॉय (२०२१, १२ भाग). सनी बॉय काहीही समजावून सांगत नाही. तुम्ही दहा मिनिटांत सोडाल, पैज. टेक्नोलाइझ कुणी सुचवलं तर सुचवणाऱ्याला ते पूर्ण बघितलंय का एवढं विचारा.

पण नुसतं वेगळं हवं असेल तर मंगावरून की नाही हे मोजत बसू नका. डोळ्यांना वेगळं हवं तर मोनोनोके बघा, २००७ ची १२ भागांची मालिका (मियाझाकींच्या 'प्रिन्सेस मोनोनोके' चित्रपटाशी संबंध नाही). जुन्या जपानी छापचित्रांसारखी, कागदाचा पोतसुद्धा दिसतो. एक औषधविक्या भुताचं रूप, घडलेलं सत्य आणि त्यामागचं कारण या तिन्ही गोष्टी कळल्याशिवाय तलवार उपसूच शकत नाही, म्हणजे भूतकथेच्या पोटात उलटतपासणी. हे आणि तातामी गॅलेक्सी दोन्ही फुजी टीव्हीच्या एका रात्रीच्या पट्ट्यात लागायचे. त्या पट्ट्याचं नाव Noitamina, म्हणजे ॲनिमेशन हा इंग्रजी शब्द उलटा लिहिलेला. त्या नावाखाली शोधा, बरंच सापडेल.

डबचं म्हणाल तर राकुगोच्या बाबतीत तो विचारच सोडा. ज्या मालिकेचा विषयच आवाज आहे तिचा आवाज काढून काय बघणार? आणि दहा मिनिटांचा नियम घरच्या घरी ठेवा. बुवांनी तुम्हालाही विंगेतून हाकललं असतं.

भावोजींना एक आठवण करून द्यायची राहिलीय. लहानपणी रविवारी सकाळी आंघोळ टाळून ते दूरदर्शनवर जो मोगली बघायचे, नाना पाटेकरांच्या आवाजातल्या शेरखानसकट, तो १९८९ चा जपानी ॲनिमेच होता. आणि मार्गशीर्षात नात्यातल्या एका लग्नात हेच भावोजी मांडवात कुणाला तरी सांगत होते, "नुकतीच माझ्या पाहण्यात जपानी एकपात्रीवरची एक मालिका आली, अप्रतिम." त्यांच्या पाहण्यात! मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन मागेच उभी होते.

हे आधी सांगायला हवं होतं: राकुगो शिंजूतल्या 'शिंजू'चा अर्थच प्रेमिकांची जोडीने आत्महत्या. पॅरानोइया एजंटच्या आठव्या भागातही आत्महत्येचाच विषय आहे. मन ठिकाणावर नसेल तर आत्ता मुशिशी घ्या, तेही रात्री, एका वेळी एकच भाग. आणि मुलांसोबत बघायचं असेल तर वरचं काहीच नको.

सध्या आम्ही ऑड टॅक्सीच्या सहाव्या भागावर आहोत. ४१ वर्षांचा, तिरसट टॅक्सीवाला, वॉलरस. अण्णा त्याला सुळेवाला म्हणतात. एक मुलगी बेपत्ता आहे आणि सगळे धागे त्याच्या गाडीतून जातात. त्याचं गिऱ्हाइकांशी बोलणं कसं चुकतं यावर अण्णांची एसटीतली मतं चालू असतात, त्यामुळे भाग दीड तासाला पोचतो. त्यांचा संशय त्या गोरिला डॉक्टरवर आहे. मी काही बोलत नाही.